ग्रेड २ म्हणजे नेमकं किती?

वाचकांचे प्रश्न, पॅथॉलॉजिस्टची उत्तरं

(मागच्या अंकात बायोप्सीचा रिपोर्ट कसा वाचावा यावर लिहिलं होतं. त्यानंतर आलेली बरीचशी पत्रं स्तनाच्या कॅन्सरबद्दल, आणि त्यातही ‘ग्रेड’बद्दल आहेत. लांब पत्रं आटोपशीर केली आहेत. नावं-पत्ते नेहमीप्रमाणे गाळले आहेत.)

प्रश्न : माझ्या आईचं वय ५८. जन्मभर विड्या वळल्या. डाव्या स्तनात गाठ निघाली, सोलापुरातच ऑपरेशन झालं. रिपोर्ट असा : गाठ २.२ सेंटीमीटर, ग्रेड २, काखेतल्या १४ लसिका गाठी तपासल्या, एकीतही कॅन्सर नाही. ईआर, पीआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह (ईआर, पीआर म्हणजे गाठीच्या पेशींतल्या हार्मोन पकडणाऱ्या खुणा, हर-टू म्हणजे वाढीला चालना देणारं एक प्रथिन). मामा म्हणतात, दोन म्हणजे दुसरी स्टेज, केमो घ्यावीच लागणार. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, गाठीची जीन टेस्ट करून बघू, कदाचित केमो टळेल. टेस्टचा खर्च लाखांच्या घरात आहे. ग्रेड तर रिपोर्टात आलीच आहे. मग ही टेस्ट वेगळं काय सांगणार? करावी का?
— एक मुलगी, अशोक चौक परिसर

उत्तर : ताई, आधी मामांचा घोळ निस्तरू. आजार कुठवर पोचलाय ते स्टेज सांगते, आणि गाठीतल्या पेशी किती बिघडल्यात, किती झपाट्याने वाढताहेत ते ग्रेड सांगते. योगायोग असा, की गाठीचा आकार आणि काख यांच्या हिशेबाने आईंची स्टेजही दुसरीच निघते. म्हणजे मामांचं उत्तर बरोबर, गणित मात्र चुकलेलं. पण दुसरी स्टेज म्हणून केमो, असं आता सरसकट धरत नाहीत.

आता ग्रेड. ती आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली ठरवतो. ब्लूम आणि रिचर्डसन यांनी १९५७ मध्ये पद्धत मांडली, नॉटिंगहॅमच्या एल्स्टन आणि एलिस यांनी १९९१ मध्ये ती नीट बांधून दिली, आणि आजही जगभर तीच चालते. तीन गोष्टी बघायच्या. गाठीतल्या पेशी अजून नळ्या तयार करतात का, पेशींची केंद्रकं किती वेडीवाकडी झालीत, आणि किती पेशी विभाजनाच्या ऐन मध्यावर सापडतात. प्रत्येकीला १ ते ३ गुण. बेरीज ३ ते ५ आली तर ग्रेड १, ६ किंवा ७ आली तर ग्रेड २, ८ किंवा ९ आली तर ग्रेड ३.

तुमच्या रिपोर्टात ‘ग्रेड २’च्या शेजारी कंसात ३+२+१ असं काही छापलंय का बघा. नसेल तर लॅबकडे मागा, तो तुमचा हक्क आहे. कारण ३+२+१ चीही ग्रेड २ आणि २+२+३ चीही ग्रेड २. पहिलीत विभाजन जवळजवळ नाही, दुसरीत ते जोरात चाललंय. मला विचाराल तर या दोन गाठी एका रांगेत बसवण्याजोग्या नाहीत, पण बेरजेने बसवल्या आहेत.

विभाजन मोजणं वाटतं तितकं सोपंही नाही. गुलाबी-जांभळ्या काचेवर आम्ही गडद जांभळा, कडांना केसाळ दिसणारा पुंजका शोधत असतो. ती विभागणारी पेशी. तिच्याशेजारीच तितकाच गडद, पण कडा गुळगुळीत असलेला आणि भोवती लालसर झालेला ठिपका असतो. ती मरत असलेली पेशी, ती मोजायची नाही. सलग १० क्षेत्रं बघायची आणि आकडा मांडायचा. एका काचेवर मी सात मोजते, शेजारच्या टेबलावरचा सहकारी दहा मोजतो, आणि दोघांपैकी कुणीच बेफिकीर नसतं. ग्रेड १ आणि ३ वर आमचं बहुधा एकमत होतं. वाद होतात ते २ वर, आणि रुग्णांचा मोठा हिस्साही तिथेच असतो.

जीनचा संबंध इथे येतो. शरीरातल्या बहुतेक सगळ्या पेशींत जीनचा संच तोच. कोणत्या पेशीत कोणते जीन चालू आहेत आणि किती जोरात, यात फरक. तुमच्या भागात जेकार्डचे माग आहेत, म्हणून सांगते : कारखान्यात सगळ्या नक्षींची कार्डं ठेवलेली असतात, पण मोराची चादर विणायची तर मोराचीच माळ मागावर चढते. मागावर आज काय चढलंय आणि कापड किती पडतंय, ते बघणं म्हणजे जीनचं एक्स्प्रेशन मोजणं. पेशीत त्याचा माग आरएनएवरून काढतात, कारण जीन चालू झाला की त्याच्या आरएनएच्या प्रती निघतात. प्रती मोजल्या की जीन किती कामाला लागलाय ते कळतं.

ब्रुसेल्सच्या ज्यूल बोर्दे संस्थेतले सोतिरिऊ आणि त्यांचे सहकारी यांनी २००६ मध्ये नेमकं हेच ग्रेडसाठी करून पाहिलं. ग्रेड १ आणि ग्रेड ३ च्या गाठींत वेगळे वागणारे ९७ जीन त्यांनी वेचले. त्यातले बहुतेक पेशीविभाजनाच्या कामातले निघाले. मग हीच मोजपट्टी ग्रेड २ च्या गाठींना लावली. तेव्हा असं दिसलं की ग्रेड २ ही वेगळी मधली जात म्हणावी असं फारसं काही नाही. बऱ्याच गाठी जीनच्या हिशेबाने १ सारख्या निघाल्या, बऱ्याच ३ सारख्या, काही अधेमधे राहिल्या. आणि पुढे कॅन्सर परत येण्याचं प्रमाणही तसंच, एकीकडे कमी, दुसरीकडे जास्त. त्याच वर्षी सिंगापूरच्या जीनोम इन्स्टिट्यूटचा गट स्वीडनच्या रुग्णांच्या गाठी घेऊन, वेगळ्या जीनयादीवरून, जवळपास त्याच निष्कर्षाला आला. दोन गट, दोन याद्या आणि उत्तर एक, म्हणून माझा यावर विश्वास बसला.

पुण्याच्या डॉक्टरांनी सुचवलेली टेस्ट बहुधा २१ जीनची असावी, ऑन्कोटाइप डीएक्स. तीत १६ जीन कॅन्सरशी संबंधित आणि ५ तुलनेसाठी. ती ‘ग्रेड’ असं काही छापत नाही, ० ते १०० मधला एक स्कोअर देते. पण त्या १६ मधला विभाजनाचा गट स्कोअरमध्ये सगळ्यात वजनदार, म्हणजे मी काचेवर जे पुंजके मोजते, त्याचीच खबर ती वेगळ्या वाटेने काढते. काखेत आजार नसलेल्या, हार्मोन पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह अशा १०,००० हून जास्त बायकांवर टेलर-एक्स नावाची चाचणी झाली, निकाल २०१८ मध्ये आला. ११ ते २५ स्कोअरच्या बायकांत नुसती हार्मोनची गोळी आणि केमो अधिक गोळी, यांत एकंदरीत फरक पडला नाही. पन्नाशीपर्यंतच्या बायकांत १६ ते २५ स्कोअरला केमोचा थोडा फायदा दिसला. आई ५८ च्या आहेत. म्हणजे २५ पर्यंत स्कोअर आला तर केमो टाळता येते, २६ किंवा जास्त आला तर घ्यायला सांगतात.

तेव्हा टेस्ट योग्य रुग्णालाच सुचवली आहे. करावी का, याला माझं उत्तर एका प्रतिप्रश्नात आहे : स्कोअरवरून तुमचा निर्णय बदलणार आहे का? हृदय, किडनी किंवा दुसऱ्या कारणाने आईंना केमो देताच येणार नसेल, किंवा घरात ‘काही झालं तरी केमो द्यायचीच’ असं ठरलेलं असेल, तर पैसे वाचवा. निर्णय खरोखर काट्यावर असेल तर टेस्टचे पैसे वसूल होतात. केमोचाही खर्च असतो, आणि तो नुसता पैशात नसतो, हे विड्यांच्या मजुरीवर चाललेल्या घराला मी वेगळं सांगायला नको.

पण लाख रुपये काढण्याआधी दोन फुकट किंवा स्वस्त गोष्टी करून घ्या. पहिली, ब्लॉक आणि काचा (ब्लॉक म्हणजे गाठीचा मेणात बसवलेला तुकडा) स्तनाच्या कॅन्सरचं काम रोज करणाऱ्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा. आपल्या जिल्ह्यातच बार्शीला नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे, मुंबईला टाटा मेमोरियल आहे. दुसरी, तुमच्या डॉक्टरांना ‘मॅगी समीकरणं’ लावून बघायला सांगा. पिट्सबर्गच्या मॅगी हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजिस्टनी ती बसवली आहेत. ग्रेडची बेरीज, ईआर-पीआर किती ठळक, केआय-६७ (विभागणाऱ्या पेशींची खूण), गाठीचा आकार हे आकडे घातले की २१ जीनचा स्कोअर साधारण कुठे येईल याचा अंदाज मिळतो. अंदाज अगदी खाली आला तर बरेच डॉक्टर मोठी टेस्ट न करताही पुढे जातात. मधल्या जागी अडकला तर टेस्ट करा. बेंगळुरूला निघालेली कॅनअसिस्ट ब्रेस्ट नावाची तपासणीही आहे. ती जीन मोजत नाही, ५ प्रथिनं आणि गाठीची माहिती यावरून धोका काढते. तिच्याबद्दलही डॉक्टरांना विचारा.

आणि एक, जे कुणी ठासून सांगत नाही. कमी स्कोअर हा हार्मोनची गोळी ५ वर्षं नेमाने घेतली असं धरूनच काढलेला आहे. केमो टळली म्हणजे बरं झालं, असं समजून वर्षभरात गोळी सोडून देणाऱ्या बायका मी बघते. सांधे दुखतात, अंगातून वाफा निघतात, खरं आहे. त्यावर डॉक्टरांकडे उपाय असतात. गोळी परस्पर बंद करायची नाही.

प्रश्न : बहिणीच्या गाठीची जीन टेस्ट झाली, स्कोअर जास्त आला. म्हणजे आमच्या घराण्यात आहे का? माझ्या मुलींची करावी का?
— सौ., जुळे सोलापूर

उत्तर : नाही. ती गाठीची तपासणी होती, घराण्याची नाही. बहिणीच्या गाठीत कोणते जीन जोरात चाललेत ते त्या गाठीपुरतं, मुलींकडे ते जात नाही. घराण्यात येणारा दोष असतो तो बीआरसीए-१, बीआरसीए-२ आणि त्यांच्या भावंड जीनमध्ये. ती तपासणी रक्त किंवा लाळेवरून होते, आणि तीसुद्धा आधी बहिणीचीच करायची, मुलींची नाही. बहिणीला पन्नाशीच्या आत आजार झाला असेल, ईआर, पीआर, हर-टू तिन्ही निगेटिव्ह असतील, किंवा घरात आणखी कुणाला स्तनाचा वा अंडाशयाचा कॅन्सर असेल, तर तिच्या डॉक्टरांकडे विषय काढा.

प्रश्न : मी सूतगिरणीत गुणवत्ता तपासणीत नोकरी केली. डोळ्याने सुताचा दर्जा ठरवणारे गेले, यंत्रं आली, वाद मिटले. तुम्हीच लिहिता की दोन पॅथॉलॉजिस्टचं ग्रेडवर जमत नाही. मग सरळ यंत्राला जीन मोजू द्यावेत, सूक्ष्मदर्शक कशाला?
— निवृत्त, अक्कलकोट रोड

उत्तर : काका, प्रश्न बोचरा आहे आणि मला आवडला. पण यंत्रात काय जातं ते आधी बघा.

उन्हाळ्यातली दुपार, पारा ४२ च्या वर. नातेवाईक रिक्षातून येतो, हातात कॅरीबॅग, तिच्यात लोणच्याची प्लॅस्टिकची बरणी. बरणीत गाठ दाबून भरलेली, वर बोटभर फॉर्मॅलिन. कधीकधी तेही नाही, नुसतं सलाइन. नियम असा की फॉर्मॅलिन नमुन्याच्या निदान दहापट हवं, गाठ काढल्यापासून तासाभरात ती त्यात पडायला हवी, आणि मोठा नमुना असेल तर काप देऊन ठेवायला हवा, म्हणजे द्राव आतपर्यंत पोचतो. नाहीतर बाहेरून गाठ टिकते आणि आतून सडते. सडलेल्या भागात मला विभाजन मोजता येत नाही, आणि यंत्राला तरी काय मिळणार? आरएनए हा मुळातच नाजूक, तुटून तुकडे झालेला असतो. या बरणीचा दोष कुणा एका दवाखान्याचा नाही, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच चालतं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नातेवाइकांनी ‘गाठ कशात ठेवणार?’ एवढं विचारलं तरी पुढचं निम्मं काम सुधारेल.

दुसरं म्हणजे, गाठ ही निव्वळ कॅन्सरच्या पेशींची नसते. चरबी, धागे, रक्तवाहिन्या, शेजारची निरोगी ग्रंथी, सगळं त्यात असतं. त्यामुळे जीन टेस्टला ब्लॉक पाठवण्याआधी कुणीतरी काच बघून मार्करने गोल करावा लागतो, की एवढ्याच भागातून आरएनए काढा. तंत्रज्ञ ब्लॉकचे पातळ काप घेतो आणि त्या गोलातलं तेवढं ब्लेडने खरवडतो. गोल करणारी व्यक्ती सूक्ष्मदर्शकाशीच बसलेली असते. आधी सुईची बायोप्सी झालेल्या जागी जखम भरताना दाह सुरू असतो, तिथल्या निरोगी पेशीही विभागत असतात. तो भाग चुकून गोलात आला तर स्कोअर खोटाच वर चढतो. पॅथॉलॉजिस्ट म्हणतो ग्रेड १ आणि यंत्र म्हणतं धोका जास्त, असं आलं की आम्ही आधी तो गोल बघतो.

तेव्हा यंत्राला माझा विरोध नाही. ग्रेड २ च्या बाबतीत ते माझ्यापेक्षा जास्त सांगतं, हे वर लिहिलंच आहे. पण ग्रेड १, लहान गाठ, ईआर ठळक, अशा काचेवर लाखाची टेस्ट लावणं मला पटत नाही. आणि तिन्ही निगेटिव्ह असलेल्या गाठीला तर ही टेस्ट लागूच नाही.

प्रश्न : मी सोलापूर विद्यापीठात एमएस्सीला आहे. इंटरनेटवर खुल्या असलेल्या जीन डेटावरून ग्रेड ओळखणारं मॉडेल प्रोजेक्टसाठी करतोय. अचूकता ९५ टक्क्यांच्या वर येते. हे पेपरच्या लायकीचं आहे का?
— विद्यार्थी

उत्तर : ९५ च्या वर आली म्हणूनच मला शंका आली. ज्या ग्रेडवर माणसांचंच इतकं एकमत होत नाही, ती तुझ्या मॉडेलला इतकी नेमकी कशी सापडली? बहुधा तू ग्रेड २ गाळून १ आणि ३ च घेतलेत. किंवा जीन निवडताना सगळे नमुने वापरलेस आणि मग त्यांतलेच काही परीक्षेला बसवलेस. जीनची निवड दरवेळी फक्त प्रशिक्षणाच्या नमुन्यांतून व्हायला हवी, नाहीतर पेपर फुटलेला असतो.

सोतिरिऊंचा डेटा जीएसई २९९० या क्रमांकाने खुला आहे, १८९ गाठींचा. सिंगापूरच्या गटाचा जीएसई ४९२२. एकावर शिकव, दुसऱ्यावर तपास, पण दोन्हींत तेच रुग्ण आलेले नाहीत ना, ते आधी बघून असे नमुने गाळ. आकडा खाली येईल, पण तोच खरा आकडा. दोन डेटा जोडून एकच तक्ता केलास, तर कोणत्या प्रयोगशाळेत नमुना चालला याचाच फरक मॉडेल शिकून बसेल. बॅच इफेक्ट म्हणतात तो हाच. ईआरकडेही बघ. ग्रेड ३ मध्ये ईआर निगेटिव्ह गाठी जास्त, त्यामुळे मॉडेल ग्रेड न शिकता ईआर शिकतं. ९७ जीन निवडताना सोतिरिऊंनी ईआर पॉझिटिव्ह गाठीच घेतल्या होत्या, तू निदान दोन्ही गट वेगळे करून बघ.

आणि ‘मला नवे जीन सापडले’ असं लिहिण्याआधी वेने, द्युमाँ आणि दतूर यांचा २०११ चा शोधनिबंध वाच. त्यांनी स्तनाच्या कॅन्सरशी काडीचा संबंध नसलेल्या जीनयाद्या घेतल्या. त्यातली एक तर जेवणानंतर हसण्याचा रक्तपेशींवर काय परिणाम होतो, या अभ्यासातली होती. तिच्यावरूनही कॅन्सरचं भवितव्य ‘ओळखता’ आलं. हजारो जीनमधून काहीही उचललं, तरी त्यात विभाजनाची थोडीफार छाया असतेच, म्हणून. तेव्हा तुझी तुलना हवेशी नको. एकट्या केआय-६७ च्या जीनवर जितकं साधतं, त्याच्या वर तुझं मॉडेल किती जातं, तेवढं दाखव. दोन टक्के जात असेल तर दोन टक्के लिही. प्रोजेक्ट पास होईल, आणि तोंडी परीक्षेत माझ्यासारखी कुणी समोर बसली तर वाचशील.

ग्रेड २ मात्र गाळू नकोस. सगळी गंमत तिथेच आहे.

प्रश्न : जाऊबाईंच्या स्तनात सुपारीएवढी गाठ लागते, दुखत नाही. डॉक्टर सुईने तुकडा काढा म्हणतात. सासूबाई म्हणतात, सुई लावली की पसरतो, आणि आता गड्ड्याची जत्रा तोंडावर आहे, नंतर बघू.
— एक वाचक, बाळे

उत्तर : सुईच्या बायोप्सीने आजार अंगभर पसरत नाही. न दुखणारी गाठच जास्त काळजीची, हे सासूबाईंना सांगा. बायोप्सी जागा बधिर करून होते, त्याच दिवशी घरी सोडतात. गाठ साधी आहे की कॅन्सर, कॅन्सर असेल तर ईआर, हर-टू काय, ऑपरेशन आधी की औषधं आधी, हे सगळं त्या काडीएवढ्या तुकड्यावरून ठरतं. थेट गाठ कापून काढली तर यातलं बरंचसं आधी ठरवायची संधी जाते. याच आठवड्यात करून घ्या. जाऊबाई संक्रांतीला होम मैदानावर सगळ्यांबरोबर असतील, फार तर आठ दिवस त्या हाताने जड पिशव्या उचलू नयेत.